गिरणेत सोडलेल्या पुड्या

दशक्रिया आटोपून माणसं गिरणा नदीवरून परतली तेव्हा बारा वाजत आले होते. भडगावच्या त्या घरापुढे मांडव टाकला होता आणि मांडवाच्या पुढच्या खांबाला यशोदाबाईंचा पुरुषभर उंचीचा फ्लेक्स बांधला होता. फोटो मुलानं, समाधाननं निवडला होता, गेल्या दिवाळीतला. भरलेले गाल, दुहेरी हनुवटी, अंगावर हिरवी साडी. येणारी प्रत्येक बाई त्याच्यापुढे थांबायची आणि साधारण तेच बोलायची.

"कशी गुटगुटीत व्हती माय. असं अचानक काय व्हयनं?"

"सून चांगली भेटनी ना. सारिकानं सासूले काहीच कमी पडू दिधं नही."

समाधानची बायको सारिका चहाचा ट्रे घेऊन उभी असली की मान खाली घालायची. त्या मानेतही थोडी ऐट असायची. गावानं पाच वर्षं तिला त्या गालांचं श्रेय दिलं होतं आणि तिनं ते घेतलं होतं.

रत्ना ओट्यावर बसून होती. ती यशोदाबाईंची थोरली. धुळ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात एकवीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होती, आणि तिथल्याच एका साप्ताहिकात दर आठवड्याला एक वैद्यकीय शब्द साध्या मराठीत समजावून सांगत होती. ग्रंथी म्हणजे काय, संप्रेरक म्हणजे काय, थायरॉइड गळ्यात नेमकी कुठे असते, इन्सुलिन कोण तयार करतं. कंडक्टरच्या बायकोला कळलं पाहिजे, असं ती संपादकांना म्हणायची. सदराच्या कोपऱ्यात तिचा टपालाच्या तिकिटाएवढा फोटो यायचा.

समोरच्या फ्लेक्सवर तिला आई दिसत नव्हती. आईचा चेहरा उभा होता, गालाची हाडं वर आलेली, नाक धारदार. फोटोतल्या बाईचा चेहरा पुरीसारखा फुगलेला होता, मानेमागे मांसाचा उंचवटा होता आणि बाहीतून बाहेर आलेले हात मात्र काटकुळे होते. दंडावर निळा डाग होता. तो फोटोवाल्यानं पुसायचा राहिला होता. वर्गात ती हे सगळं फळ्यावर लिहून द्यायची. बाहेरून स्टेरॉइड जास्त गेलं की चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय बारीक होतात, कातडी कागदासारखी पातळ होते. मुलं उतरवून घेत. परीक्षेला तीन गुणांना यायचं.

मग घरात पाच वर्षं दिसत असून तिला ते का दिसलं नाही, याचं उत्तर ती दहा दिवस शोधत होती. उत्तर साधं होतं. ते तिला दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं.

आईच्या गुडघ्यांसाठी पुडी होती. धुळ्याच्या पुढे हायवेवरच्या एका फाट्यावर एक माणूस ती द्यायचा. पांढरट भुकटी, वहीच्या कागदाच्या चौकोनी घड्यांत. सकाळी एक, कोमट पाण्याबरोबर. दर महिन्याला यशोदाबाई भडगावहून बसनं धुळ्याला यायच्या, रत्नाकडे एक मुक्काम करायच्या आणि सकाळी फाट्यावर जाऊन तीस पुड्या घेऊन परत जायच्या. दोंडाईच्याची मावशी, सुंदरबाई, हिलाही त्यांनीच तिकडे नेलं होतं. दोघी बहिणी फाट्यावर भेटायच्या, भजी खायच्या आणि गुडघे दुखत नाहीत म्हणून हसायच्या.

रत्ना वर्षानुवर्षं कुरकुरली. खडूची भुकटी आहे, म्हणाली. राख आहे, म्हणाली. भोंदू माणसाचं औषधही भोंदूच असणार, त्यात काही नसणार, अशी तिची शिकलेल्या माणसाची पक्की समजूत होती. त्यात खरं औषध असेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही. काही नसलेल्या गोष्टीनं चेहरा कसा फुगेल? म्हणून चेहरा तिनं वयावर घातला.

ऑगस्टमध्ये आई आली तेव्हा तिची साखर वाढलेली निघाली. रत्ना तिला धुळ्यात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी विचारलं, आणखी काही चालू आहे का? रत्ना म्हणाली, काही नाही. जीवशास्त्राच्या बाईंची आई फाट्यावरची पुडी खाते, हे त्या वातानुकूलित खोलीत सांगायची तिला लाज वाटली होती. तो राग तिनं घरी येऊन काढला. आईच्या पिशवीतल्या पुड्या तिनं एकेक फोडून बेसिनमध्ये ओतल्या आणि नळ सोडला. यशोदाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"मंग मना गुडघा?" त्या म्हणाल्या.

"गुडघ्यांवर तेल लाव. पण यापुढे ही पुडी तोंडात घातलीस तर तुला माझ्या गळ्याची शपथ."

वर्गातल्या मुलांना ती शपथेच्या अंधश्रद्धेवर वर्षातून एकदा बोलायची. आईशी मात्र तिनं तेच हत्यार वापरलं, कारण ते चालतं हे तिला ठाऊक होतं.

ते चाललं. भडगावला परतल्यावर पाचव्या दिवशी आईला उलट्या सुरू झाल्या. गावातल्या डॉक्टरनं सलाइन लावली. थोडं बरं वाटलं, पुन्हा उतरलं. नवव्या दिवशी तिला उभं राहता येईना, तेव्हा समाधाननं तिला जळगावला हलवलं. रत्ना धुळ्याहून थेट तिथे पोचली. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. रक्तदाब वर येत नव्हता. तिनं सलाइन लावता लावताच भराभर विचारलं, साखर? हार्ट? स्टेरॉइड कधी चालू होतं का?

"नाही," रत्ना म्हणाली. ठामपणे. घरात तिच्या ठामपणालाच मान होता.

दीड तासानं सगळं संपलं. त्यानंतर डॉक्टरीण तिला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांच्या पोटावर जांभळट रेषा आहेत, कातडी फार पातळ आहे. खरंच काही घेत नव्हत्या? देशी औषध, पुडी, काही?" रत्नानं सांगितलं. मग डॉक्टरिणीनं सांगितलं ते रत्नाला शब्द न शब्द आधीच माहीत होतं, कारण मार्चमधल्या सदरात तिनं स्वतः ते लिहिलं होतं. शेवटी डॉक्टरीण म्हणाली, "घरात, गावात आणखी कोणी घेत असेल तर एकदम बंद करू देऊ नका. पुडी चालू ठेवूनच लगेच घेऊन या." मी विचारलं होतं, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

सर्टिफिकेटवर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहून आलं आणि गाव म्हणालं, हार्ट. त्यातूनच एक गोष्ट आपोआप तयार झाली: रत्ना पुडीला नावं ठेवत होती तेच खरं निघालं, पुडीनं हार्ट खाल्लं, यशोदानं पुडी सोडली खरी पण फार उशिरा, मरणाच्या नऊच दिवस आधी. रत्नानं ही गोष्ट रचली नव्हती. तिनं ती फक्त खोडली नाही. मावशीला दिवस संपले की बाजूला घेऊन सांगू, डॉक्टरकडे नेऊ, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. मावशी रोज सकाळी पदराच्या गाठीतली पुडी काढून पाण्याबरोबर घेत होती; घाई नव्हती.

पंगत उठल्यावर बायका ओट्यावर टेकल्या. सुंदरबाई मध्ये बसली होती. तोही चेहरा आता गोल झालेला. शेजारच्या सुमनबाईंनी पानाचा डबा तिच्याकडे सरकवला.

"नको माय," सुंदरबाई म्हणाली. "आज मी मोठी वस्तू सोडी. यशोदाना नावनं. लोके वांगं सोडतस, गोड सोडतस. मी पुडी सोडी. बठ्ठ्या पुड्या गिरणामाईले दिध्यात सकायले."

सगळ्या पुड्या नदीत गेल्या होत्या; रत्नाच्या हातातला पेला जागच्या जागी थांबला.

"बरं करं," सुमनबाई म्हणाल्या. "शिकेल पोर सांगी सांगी थकनी. यशोदानं पोरनं लवकर आईकाले पाहिजे व्हतं."

"मना डोया उघडनात आते," सुंदरबाई म्हणाली आणि रत्नाच्या पाठीवरून हात फिरवला. "तुना मुये बाई. नही ते मी बी बहीणना मांगे चालनू व्हतू."

चारच्या बसनं ती दोंडाईच्याला निघणार होती. तिथे तिचा मुलगा रात्रपाळीला असायचा, सून माहेरी होती. उलट्या सुरू झाल्या असत्या तर आंबट खाल्लं असेल असं वाटून दोन दिवस गेले असते. रत्नाला हे सगळं एखाद्या तयार उत्तरासारखं दिसलं.

तिनं आधी सोपी वाट धरली. "मावशी, असं एकदम नको बंद करू. आधी डॉक्टरला विचारू आपण. तोवर चालू राहू दे."

बायका हसल्या. सुंदरबाईही हसली. "आयका! सहा साल मनामागे लागेल व्हती, सोड सोड. आते सोडी ते म्हनस घे! कॉलेजमा पोरेसले बी असंच शिकाडस का तू?"

"मावशी, मी खरंच सांगते."

"नदीमाईले देयेल वस्तू कोनी परत मांगस का? नाव यशोदानं लिधं मी." ती उठायला लागली. "समाधान, बस गाठाडी दे भाऊ."

समाधान मांडवातल्या खुर्च्या एकात एक घालत होता. रत्ना उठली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, पण वर्गात बोलतात तसंच सावकाश तिनं त्याला विचारलं, "समाधान, शेतात पाटाचं पाणी आलं तेव्हा विहिरीवरच्या मोटरीचं काय झालं होतं?"

"आता हे काय मध्येच, अक्का?"

"सांग ना."

"काय होणार? दोन वर्षं चालवलीच नाही. पाटाचं फुकट पाणी असताना कोण चालवेल. मग पाट बंद झाला, बटन दाबलं, तर नुसती घुर्र करायची. जाम झाली होती. उसाचा अर्धा पट्टा वाळला."

रत्ना मावशीसमोर खाली बसली. "मावशी, आपल्या दोन्ही किडन्यांवर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. ती रोज रक्तात एक रस सोडते. संप्रेरक म्हणतात त्याला. फार थोडं असतं, पण त्याच्यावर माणूस उभा असतो. ताप आला, उलटी झाली, घाबरलं, तर तेच सावरतं. तुमच्या पुडीत त्याच्यासारखंच औषध वाटून घातलेलं असतं, स्टेरॉइड. म्हणून गुडघा दुखायचा राहतो. म्हणून तोंड असं भरतं. रोज बाहेरून मिळायला लागलं की शरीर म्हणतं, आता घरचं कशाला करू? डोक्यातून त्या ग्रंथीला निरोप जायचा बंद होतो. ती सुकते. आणि मग एक दिवस पुडी बंद केली..."

"पाट बंद आणि मोटर जाम," समाधान म्हणाला. उत्तर बरोबर आल्यासारखं म्हणाला. मग हातातली खुर्ची त्यानं खाली ठेवली.

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज फार वेळ येत राहिला.

"आईनं नऊ दिवस आधी बंद केली होती," तो म्हणाला.

"मी बंद केली. बेसिनमध्ये ओतली. आणि शपथ घातली."

"आणि दवाखान्यात?"

"डॉक्टरनं विचारलं होतं. मी नाही म्हणाले. हो म्हणाले असते तर त्यांनी तेव्हाच एक इंजेक्शन दिलं असतं. साधं असतं. कदाचित..."

समाधान जवळ आला. त्याचा आवाज चढला नाही. "दहा दिवस झाले अक्का. दहा दिवस गाव म्हणतंय, शिकलेली पोर, शिकलेली पोर. मी लोकांना स्वतः सांगितलं, आमच्या अक्काचं ऐकलं असतं तर आई वाचली असती. तू इथे बसून ऐकत होतीस. चहा पीत होतीस."

"हो."

"आता बी मावशीसाठी बोललीस. मावशीनं पुड्या फेकल्या नसत्या तर बोलली नसतीस."

यावरही हो म्हणायला हवं होतं. रत्नानं पेला ओट्यावर ठेवला.

सारिका ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं एकदा फ्लेक्सकडे पाहिलं. "मग ते गाल," ती म्हणाली, "ते पुडीचे होते?"

"हो."

"मी पाच वर्षं सांगत होते, दुधाचे." ती आत निघून गेली. आत ट्रे आपटल्याचा आवाज आला.

इतका वेळ कोपऱ्यातल्या खाटेवर यशोदाबाईंचे नवरे, चुडामण आबा, सकाळी मुंडण केलेल्या डोक्यावर टॉवेल घेऊन बसले होते. ते उठले, घरात गेले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. झाकण त्यांना उघडेना. समाधाननं पुढे होऊन उघडून दिलं. आत वर्तमानपत्राची कात्रणं होती, घडी घालून, एकावर एक, आणि सगळ्यात वर वहीच्या कागदाची एक चौकोनी पुडी.

"मना कोटना खिसामा ही एकच राही जायेल व्हती," आबा म्हणाले. ते रत्नाकडे पाहत नव्हते, डब्याकडे पाहत होते. "सहाव्या दिनले तिले उठता ये ना. मी म्हनं, घे. एकच घे. रत्नाले कोन सांगस. ती म्हने, रत्नानी आन शे. मी पुडी खाऊ आनि लेकरना जीवले काही व्हयनं ते? मी हातमा लई उभा व्हतू. पानी बी आनेल व्हतं." त्यांनी डबा रत्नापुढे धरला. "तिनी तोंड फिराई लिधं."

रत्नानं डबा घेतला. कात्रणं तिच्याच सदराची होती. आईला वाचता येत नव्हतं. ती कोपऱ्यातल्या फोटोसाठी ठेवत असावी. मार्चचं त्यात होतं की नाही ते रत्नानं उलगडून पाहिलं नाही. तिनं पुडी उचलली आणि सारिकाला पाणी मागितलं. पाणी सारिकानं आणलं नाही, सुमनबाईंनी आणलं.

"मावशी, आजची ही घे. आणि आत्ताच जळगावला जाऊ. डॉक्टर नाव लिहिलेली गोळी देतील. आधी पुरी, मग थोडी थोडी कमी. ग्रंथी जागी होईपर्यंत."

सुंदरबाई त्या कागदाकडे घाबरून पाहत होती. "मी नदीमाईले..."

"तू तुझ्या दिल्यास. ही तुझी नाही."

सुंदरबाईनं त्यावर खरोखरच विचार केला. मग मान हलवली. "हां. ही यशोदानी शे." तिनं तोंड वर केलं, आणि रत्नानं आईच्या नावची शेवटची पुडी स्वतःच्या हातानं मावशीच्या जिभेवर ओतली. कागद झटकून त्यात काही उरलं नाही हेही पाहिलं. सहा वर्षं ज्या माणसाला ती भोंदू म्हणत आली होती, त्याचं औषध तिनं असं कणाकणानं दिलं.

गाडी गल्लीतल्या छगनची होती. समाधाननं त्याला फोन करून दिला, पण आपण बसला नाही. "इथे माणसं आहेत," म्हणाला. निघताना त्यानं मावशीची पिशवी गाडीत ठेवली. रत्नाची ओट्यावरच राहिली, ती तिनं उतरून घेतली. आबा खाटेवर पुन्हा तसेच बसले होते. गाडी वळताना फ्लेक्स वाऱ्यानं फुगला आणि बाईचे गाल आणखी भरल्यासारखे वाटले.

जळगावला बाह्यरुग्ण विभागात तीच तरुण डॉक्टरीण होती. तिनं रत्नाला ओळखलं आणि ओळख दाखवली नाही. कागद पुढे ओढून तिनं क्रमानं विचारायला सुरुवात केली. वय? सहासष्ट. साखर? माहीत नाही. स्टेरॉइड कधी चालू होतं का?

"हो," रत्ना म्हणाली. "चालू आहे. सहा वर्षं. पुडीतून. शेवटची आज दुपारी दोनला."

डॉक्टरिणीनं लिहून घेतलं. रक्त तपासायला सांगितलं, गोळीचं नाव लिहिलं, कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं की ही गोळी एकदम बंद करू नये, आजारी पडल्यास दवाखान्यात हे कार्ड आधी दाखवावं. ते तिनं सुंदरबाईला दोनदा वाचून दाखवलं.

बाहेर बाकावर बसल्यावर सुंदरबाईनं कार्ड उलटसुलट पाहिलं आणि ब्लाउजमध्ये ठेवलं. "मनी मोटर चालू व्हई का पन?"

"होईल. हळूहळू."

"किती दिन?"

"दिवस नाही मावशी. महिने. कधी कधी वर्षही लागतं."

"वर्ष," सुंदरबाई म्हणाली. तिला राग आला नव्हता; ती नुसता हिशोब समजून घेत होती. "मना साठे एक वर्ष. आनि यशोदाले नऊच दिन दिधात तू."

तिनं पदरानं तोंड पुसलं. रत्ना उठली आणि गोळ्यांसाठी रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या पुढे चार माणसं होती.